कोणते शांघाय?

‘मुंबईचे शांघाय करू’ ही घोषणा आपण गेली वीस वर्षे ऐकतो आहोत. ऑक्टोबर २००४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग मुंबईत म्हणाले होते की, येत्या पाच वर्षांत मुंबई अशी बदलेल की लोक शांघायला विसरून मुंबईविषयी बोलू लागतील. विलासराव देशमुखांच्या सरकारने ही घोषणा उचलून धरली, वर्तमानपत्रांनी ती गाजवली, आणि पुढे ती विनोदाचा विषय झाली. पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाणी साचले की कुणीतरी हमखास म्हणते, “हे बघा आपले शांघाय!”

विनोद ठीक आहे. पण ज्यांनी घोषणा दिली आणि ज्यांनी तिची टिंगल केली, त्या दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही. कोणते शांघाय? घोषणेसोबत जे छायाचित्र छापले जायचे ते एका विशिष्ट जागेचे असायचे. नदीच्या वळणावर उभे असलेले उंच मनोरे, त्यांत गुलाबी गोळ्यांचा एक टॉवर, रात्री लखलखणारे दिवे. या जागेचे नाव लुजियाझुई. सबंध शांघाय म्हणजे ही जागा नव्हे. शांघाय शहराच्या पुडोंग या भागातला हा एक तुकडा आहे, आणि त्याचा गाभा जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचा आहे. या तुकड्याची गोष्ट नीट माहीत करून घेतली तर आपल्या शहरात आज जे चालले आहे ते समजायला मदत होते, असे माझे मत आहे. म्हणून हा लेख.

शांघायमधून ह्वांगपू नदी वाहते. नदीच्या पश्चिमेचा भाग तो पूशी आणि पूर्वेचा तो पुडोंग. नावांचा अर्थही एवढाच, नदीच्या पश्चिमेला आणि पूर्वेला. शंभर-दीडशे वर्षे जे काही शांघाय म्हणून जगाला ठाऊक होते ते सगळे पश्चिमेला होते. पूर्वेला शेते, गोदामे, धक्के, जहाजदुरुस्तीचे कारखाने आणि कामगारांच्या दाटीवाटीच्या वस्त्या. शांघायच्या लोकांत एक म्हण होती, पुडोंगमधल्या खोलीपेक्षा पूशीतली एक खाट बरी. कुर्ल्याच्या चाळीतल्या माणसाला ती सांगितली तर लगेच कळेल.

खाट बरी असण्याला कारणही तसेच होते. शहराच्या मध्यवस्तीत नदीवर एकही पूल नव्हता. एक-दोन बोगदे होते, पण सामान्य माणसाची सारी भिस्त होडीवर, म्हणजे फेरीबोटीवर. पुडोंगमध्ये राहणारे हजारो कामगार रोज पहाटे फेरीने नदी ओलांडून कामावर जायचे. १० डिसेंबर १९८७ रोजी दाट धुक्यामुळे फेरी बराच वेळ बंद राहिली. लुजियाझुईच्या धक्क्यावर गर्दी साठत गेली. बोट सुरू झाली तेव्हा चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मेली. आज ज्या ठिकाणी पर्यटक उभे राहून मनोऱ्यांचे फोटो काढतात, त्याच परिसरातली ही घटना. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची २०१७ची चेंगराचेंगरी ज्यांना आठवते त्यांना यात परके काही वाटणार नाही.

आता नदीच्या पश्चिम काठाबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण तिथे मुंबईचा थेट संबंध येतो. हा संबंध आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

पहिल्या अफू युद्धात हरल्यावर चीनला १८४२ साली नानकिंगचा तह करावा लागला, आणि पुढच्या वर्षी शांघाय बंदर परकीयांना खुले झाले. हे युद्ध ज्या अफूवरून झाले तिचा मोठा भाग माळव्यात पिकायचा आणि मुंबई बंदरातून जहाजांवर चढायचा. या व्यापारातून मुंबईत जी घराणी उभी राहिली त्यांची नावे आजही रस्त्यांवर, रुग्णालयांवर, ग्रंथालयांवर आहेत. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पेढीतले दोन भागीदार म्हणजे मोतीचंद अमीचंद आणि मोहम्मद अली रोघे. म्हणजे एक पारशी, एक जैन आणि एक कोकणी मुसलमान. मुंबईच्या सर्वधर्मसमभावाचे गोडवे गाताना हे उदाहरण कुणी देत नाही, आणि का देत नाही तेही उघड आहे. मोहम्मद अली रोघे हे नाव कोकणी मुस्लिम घरांत अभिमानाने घेतले जाते. अभिमान जरूर बाळगावा, पण तो पैसा कशातून आला हेही मुलांना सांगावे. नशेची प्रत्येक वस्तू हराम मानणाऱ्या समाजातल्या एका मोठ्या माणसाची संपत्ती दुसऱ्या देशातल्या माणसांच्या व्यसनावर उभी राहिली होती.

बगदादहून आलेले डेव्हिड ससून १८३२च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. काळा घोड्याचे ग्रंथालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय त्यांच्या नावाने आहे. त्यांचा मुलगा एलियास चीनला गेला. याच घराण्यातल्या व्हिक्टर ससून यांनी पुढे मुंबईतला पसारा आवरून शांघायमध्ये पैसा ओतला आणि १९२९ साली नदीकाठी कॅथे हॉटेल उघडले. हा नदीकाठ म्हणजे प्रसिद्ध ‘बंड’. नावाचा उगमही आपल्याकडचाच, बांध-बंधारा या अर्थाच्या ‘बंद’ शब्दाचा. परकीय बँका, विमा कंपन्या आणि व्यापारी पेढ्यांच्या दगडी इमारतींची ती रांग आशियातले सर्वात मोठे वित्तीय केंद्र होती. १९४९च्या क्रांतीनंतर ते सगळे मिटले.

१९९० साली चिनी सरकारने पूर्व काठावर नवे वित्तीय केंद्र उभारायचे ठरवले, तेव्हा नेमके बंडच्या समोरचे वळण निवडले यात केवळ नगररचना नव्हती. ज्या काठावर परकीयांनी आपल्याला लाचार केले, त्याच्या समोर आपण स्वतःचे उभारून दाखवू, असा तो हट्ट होता. या हट्टाला मी नावे ठेवणार नाही. गुलामी भोगलेल्या देशाला तो शोभतो.

पण नुसत्या हट्टाने काही उभे राहत नाही. कल्पना तशी जुनीच होती. अमेरिकेत स्थायिक झालेले चिनी पूल-अभियंते लिन तुंगयेन ऐंशीच्या दशकात सांगत होते की, शहर पश्चिमेला कोंबण्यापेक्षा नदीवर पूल बांधा आणि पूर्वेला जा. माजी महापौर वांग दाओहान यांनी ती कल्पना लावून धरली. अडचण पैशाची होती. शांघाय आपल्या महसुलाचा मोठा हिस्सा केंद्राला देत असे, हाती फार काही उरत नसे. दक्षिणेकडच्या शेनझेनला सवलती मिळाल्या होत्या, शांघायला नाही. मग १९८९ आले. तियानमेन चौकात रक्त सांडले, पाश्चात्त्य देशांनी निर्बंध घातले, आणि चीनने उघडलेले दार पुन्हा बंद होणार का, असे जग विचारू लागले. डेंग झ्याओपिंग यांना जगाला एक मोठी खूण दाखवायची होती. १८ एप्रिल १९९० रोजी पंतप्रधान ली पेंग यांनी शांघायमध्ये पुडोंगच्या विकासाची घोषणा केली. महापौर होते झू रोंगजी, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले. म्हणजे तियानमेननंतर दहा महिन्यांनी, त्याच ली पेंग यांच्या तोंडून पुडोंगचा जन्म झाला.

यानंतरचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. सरकारची तिजोरी जवळजवळ रिकामी होती. मग सुरुवात कशी केली?

चीनमध्ये शहरातील जमीन सरकारी मालकीची असते. १९८८ साली राज्यघटना दुरुस्त करून जमीन वापरण्याचा हक्क ठराविक मुदतीसाठी देता-घेता येईल असे ठरवले. मालकी जात नाही, वापर जातो. घरांसाठी ७० वर्षे, उद्योगांसाठी ५०, व्यापारासाठी ४०. पुडोंगमध्ये सरकारने आपल्याच मालकीच्या विकास कंपन्या काढल्या. लुजियाझुई वित्त आणि व्यापारासाठी, जिनछ्याओ कारखान्यांसाठी, वायगाओछ्याओ बंदर आणि मुक्त व्यापारासाठी, आणि त्यानंतर झांगजियांग तंत्रज्ञानासाठी. मग एक गंमत केली. वित्त खात्याने कंपनीला भांडवल म्हणून धनादेश दिला. कंपनीने तोच धनादेश जमिनीच्या वापरहक्कापोटी जमीन खात्याला दिला. जमीन खात्याने तो पुन्हा वित्त खात्यात भरला. पैसा एक फेरी मारून जिथल्या तिथे आला, खर्च काहीच झाला नाही, पण कंपनीच्या हाती कायदेशीर जमीन आली. चिनी अधिकारी या व्यवहाराला पैशाचे रिकामे फिरणे आणि जमिनीचे खरे हस्तांतर म्हणत.

मग ही कंपनी जमिनीवर रस्ते, वीज, पाणी, गटारे आणी. त्यासाठी बँकेकडे जमीन तारण ठेवी, किंवा जमीन हाच आपला हिस्सा धरून परदेशी कंपनीशी भागीदारी करी. सोयी आल्या की जमिनीचा भाव वाढे. वाढलेल्या भावाने तिचा तुकडा ४०-५० वर्षांच्या कराराने दिला जाई, आणि त्या पैशातून पुढच्या तुकड्यावर काम सुरू होई.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. रस्ता सरकार बांधते, पूल सरकार बांधते, आणि शेजारच्या जमिनीचा भाव दहापट होतो. ती दहापट कुणाची? आपल्याकडे तिचे उत्तर बहुधा ‘ज्याने आधीच बातमी लावून जमीन घेतली त्याची’ असे असते. पुडोंगमध्ये निदान पहिल्या टप्प्यात ती सार्वजनिक कंपनीकडे आली आणि पुलांत, रस्त्यांत परत गेली. १९९१ मध्ये नानपू पूल, १९९३ मध्ये यांगपू पूल, १९९९ मध्ये नवा विमानतळ.

दुसरी गोष्ट बँकांची. नुसत्या इमारती बांधून वित्तीय केंद्र होत नाही, तिथे बँकांना यावे लागते. आणि कुठलीही बँक पहिली जायला तयार नसते, कारण तिथे दुसरी बँक नसते. शांघायने हा पेच सरळ हुकमाने सोडवला. शेअर बाजार १९ डिसेंबर १९९० रोजी पूशीतल्या एका जुन्या हॉटेलच्या दालनात अवघ्या आठ कंपन्यांच्या शेअरांवर सुरू झाला होता. तो १९९७ मध्ये नदी ओलांडून लुजियाझुईत आणला. मध्यवर्ती बँकेची शांघाय शाखा १९९५ मध्येच आली होती. तेव्हा पुडोंगचे प्रमुख झाओ छीझेंग यांनी बँकेला एक पांढरी मेंढी भेट दिली. कळपात पुढे चालणारी मेंढी, बाकीच्यांनी मागे यावे म्हणून. परदेशी बँकांसाठी तर आमिष होते. चिनी चलनात व्यवहार करण्याचा परवाना हवा असेल तर पुडोंगमध्ये या. बाकी चीनमध्ये तो मिळत नव्हता. मग कोण येणार नाही?

यात एक मजेदार उलटफेर झाला. पुडोंगला पैसा पुरवण्यासाठी ‘पुडोंग विकास बँक’ काढली होती. तिने मुख्यालयासाठी बंडवरची जुनी दगडी इमारत घेतली, जी १९२३ साली हाँगकाँग अँड शांघाय बँकेने बांधली होती. आणि ती मूळची ब्रिटिश बँक आज नदीपलीकडे, पुडोंगच्या काचेच्या मनोऱ्यात बसते.

मनोऱ्यांची वर्णने सगळीकडे मिळतात, म्हणून थोडक्यात सांगतो. ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल टॉवर १९९४चा, ८८ मजल्यांचा जिन माओ १९९९चा, ४९२ मीटरचे वर्ल्ड फायनान्शियल सेंटर २००८चे, आणि ६३२ मीटरचा शांघाय टॉवर २०१५चा. यातला तिसरा जपानी कंपनीने बांधला. त्याच्या माथ्यावर आधी गोल खिडकी ठेवायची होती. शांघायकरांना तीत जपानच्या झेंड्यावरचा सूर्य दिसला, आणि गोल जाऊन चौकोनी भोक आले. त्याला आता लोक बाटली उघडायची चावी म्हणतात.

तो मनोरा १९९७ मध्ये सुरू झाला आणि आशियाई आर्थिक संकटात अडकून कित्येक वर्षे रखडला. त्या काळात पुडोंगमध्ये रिकाम्या कचेऱ्यांची रांग होती. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने हे सगळे पाहून त्याची तुलना एका मेलेल्या फिरऔनसाठी बांधलेल्या पिरॅमिडशी केली होती. हे बाजाराने उभे केलेले नाही, सत्तेचे स्मारक आहे, असा त्याचा अर्थ. फ्रीडमन अर्धे चुकले. कचेऱ्या भरल्या. १९९० मध्ये पुडोंगचे वार्षिक उत्पन्न ६०० कोटी युआन होते, २०१९ मध्ये ते सुमारे १ लाख २७ हजार कोटी झाले. मधल्या काळात महागाई वाढली आणि नानहुई जिल्हा पुडोंगला जोडला गेला हे लक्षात घेतले तरी हा आकडा डोळे दिपवणारा आहे. पण फिरऔनची उपमा मला तरीही पूर्ण चुकीची वाटत नाही. कारण पिरॅमिडांबद्दल आपण विचारतो तोच प्रश्न इथेही विचारायचा असतो. दगड कुणी वाहिले?

लुजियाझुईच्या मध्यभागी आज दहा हेक्टरची हिरवळ आहे. सुंदर आहे, तिच्याभोवती मनोरे आहेत. ती हिरवळ आधी दाट वस्ती होती. तिथली घरे पाडली, माणसे दूरच्या वसाहतींमध्ये पाठवली. एक जुने घर मात्र राखले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका श्रीमंत व्यापाऱ्याने बांधलेला वाडा. कामगारांच्या शेकडो घरांपैकी एकही आठवण म्हणून ठेवावेसे कुणाला वाटले नाही.

पुडोंगच्या शेतकऱ्यांना काहीच मिळाले नाही असे नाही. अनेकांना शहरी नोंदणी मिळाली, सदनिका मिळाली, कारखान्यात नोकरी मिळाली. काहींचे भले झाले. पण ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कुणालाच नव्हता. झेंग एनचोंग नावाचे एक वकील शांघायमधल्या विस्थापित कुटुंबांच्या बाजूने उभे राहत. २००३ मध्ये त्यांना देशाची गुपिते बाहेर दिल्याच्या आरोपावरून तीन वर्षांची कैद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी शांघायच्या पक्षाचे सर्वोच्च नेते चेन लियांगयू पदावरून गेले, कारण कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीतला पैसा बांधकाम आणि इतर धंद्यांत वळवला गेला होता. २००८ मध्ये त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. सार्वजनिक मालकी होती म्हणून सगळे पवित्र होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. जिथे विचारणारा वकील तुरुंगात असतो तिथे सार्वजनिक पैशाला रखवालदार कोण?

आणि बांधणारे हात? ते आनहुई, जिआंगसू, सिचुआनच्या खेड्यांतून आलेले. त्यांच्याकडे शांघायची नोंदणी नव्हती, म्हणजे चिनी पद्धतीप्रमाणे ते शहरात राहूनही शहराचे नव्हते. मुलांच्या शाळेपासून निवृत्तिवेतनापर्यंत सगळे त्या नोंदणीवर अवलंबून. याच गर्दीत मुसलमानही आहेत. चिंगहाय प्रांतातून आलेली हुई आणि सालार कुटुंबे चीनभर ‘लानझोऊ नूडल्स’ची छोटी हॉटेले चालवतात. हिरव्या पाटीवर हलाल लिहिलेले असते, दारात टोपी घातलेला मुलगा हाताने कणकेच्या तारा ओढत असतो. आमच्या ओळखीचे एक व्यापारी यिवूला माल आणायला जातात. ते सांगतात की शांघायमध्ये उतरले की जेवणाची चिंता नसते, अशी पाटी कुठे ना कुठे दिसतेच. जुन्या शहरातली श्याओताओयुआन मशीद शंभर वर्षांहून जुनी आहे, तिच्याशेजारी बायकांची वेगळी मशीद आहे, आणि पुडोंगमध्येही मशीद आहे. मग चीनमधले मुसलमान सुखात आहेत, असे कुणी लगेच म्हणू नये. पश्चिमेकडच्या झिंजियांगमधल्या उईगुरांचे काय झाले ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२च्या अहवालात लिहून ठेवले आहे. विमानतळापासून ३० किलोमीटर आठ मिनिटांत पार करणारी चुंबकी गाडी बांधणारे राज्य आणि ते राज्य वेगळे नाहीत. तो विषय मोठा आहे, स्वतंत्रपणे लिहावा लागेल.

आता मुंबईकडे येऊ. २००३ मध्ये ‘बॉम्बे फर्स्ट’ आणि मॅकिन्सी यांनी मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करण्याचा आराखडा मांडला. २००४-०५च्या हिवाळ्यात ऐंशी हजारांच्या आसपास झोपड्या पाडल्या गेल्या. २००७ मध्ये पर्सी मिस्त्री समितीने मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र कसे करता येईल यावर अहवाल दिला; ते केंद्र पुढे गुजरातमध्ये गिफ्ट सिटीत झाले. म्हणजे आपण शांघायकडून पहिली गोष्ट घेतली ती बुलडोझर. धनादेशाची फेरी, मेंढी, पूल हे सगळे राहून गेले.

वास्तविक आपल्याकडे पुडोंगच्या पंचवीस वर्षे आधी तीच कल्पना होती. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये सांगितले होते की खाडीपलीकडे जा. १९७० मध्ये सिडको आली, जमीन सार्वजनिक मालकीची झाली, वाशीचा पूल झाला. पण मंत्रालय हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्या उभ्या राहत होत्या. पुढची मेंढीच नदी ओलांडायला तयार नव्हती, मग कळप कसा जाणार?

आणि गिरणगाव. सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१च्या नियमाप्रमाणे तिचे ढोबळपणे तीन वाटे व्हायचे होते. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शहराच्या हाती चिंधी आली. या गिरण्यांच्या विणकाम खात्यांत मदनपुऱ्यातले कित्येक मोमीन विणकर होते. त्यांच्या नातवंडांपैकी काहीजण आज त्याच जागेवरच्या मॉलमध्ये सुरक्षारक्षक आहेत, तर काहीजण खाणे पोहोचवतात.

वांद्रे-कुर्ला संकुलात मात्र आपणही थोडेसे शांघाय केले, हे मान्य करावे लागेल. तिथली जमीन प्राधिकरणाची आहे, ती ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने लिलावात जाते, आणि तो पैसा प्राधिकरणाकडे येतो. शेअर बाजार तिथे आला, बँका आल्या. पण त्या काचेच्या इमारतींपासून चालत जाता येईल अशा अंतरावर बेहरामपाडा आहे. बांद्रा स्टेशनला लागून, एकावर एक चढवलेल्या चार-चार मजल्यांच्या पत्र्याच्या खोल्या, बहुतांश मुस्लिम वस्ती. तिथली बाई सकाळी संकुलातल्या कचेरीत फरशी पुसते, तिचा मुलगा घरी जीन्स शिवतो. त्या जमिनीचा भाव वाढला तो पुसणाऱ्यांच्या आणि शिवणाऱ्यांच्या वाट्याला कसा येईल, याचे गणित कुणी मांडलेले मला दिसत नाही. आज ना उद्या तिथे विकासक येईल, सर्वेक्षण होईल, पात्र-अपात्रच्या याद्या लागतील. धारावीत ते सुरू झालेच आहे.

इथे मुस्लिम वाचकांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. पुडोंगच्या जमिनीची तऱ्हा वाचताना मला सारखी वक्फची आठवण येत होती. वक्फची जमीन विकता येत नाही, मालकी हलत नाही, फक्त वापर आणि त्याचा लाभ देता येतो. तत्त्व तेच आहे. चिनी कम्युनिस्टांनी १९८८ मध्ये जे शोधले ते आपल्या फिकहच्या पुस्तकांत हजार वर्षांपासून आहे. फरक पडला तो भाव ठरवण्यात आणि पैसा परत कुठे गेला त्यात.

सच्चर समितीने २००६ मध्ये हिशोब मांडला होता. देशभरात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता, सुमारे ६ लाख एकर जमीन, आणि वर्षाचे उत्पन्न १६३ कोटी रुपये. नीट वापरली तर त्याच जमिनीतून वर्षाला १२ हजार कोटी येऊ शकतात, असे समितीने म्हटले होते. मधली रक्कम कुठे जाते? मोक्याच्या जागांवर पन्नास वर्षांपूर्वी ठरलेल्या नाममात्र भाड्यात, मुतवल्लींच्या नातेवाइकांच्या दुकानांत, सरकारी खात्यांनी बळकावलेल्या भूखंडांत, आणि तोडपाणी करून गप्प बसलेल्या संस्थांत. आपण सरकारच्या वक्फ कायद्यांवर मोर्चे काढतो आणि काढलेही पाहिजेत. पण आपल्याच मोहल्ल्यातल्या मशिदीच्या गाळ्यांचे भाडे किती, ते कुणी ठरवले, करार कधी संपतो, हे शुक्रवारच्या नमाजनंतर किती जण विचारतात? मी आमच्या भागात एका संस्थेच्या जबाबदार माणसाला विचारले होते. “तुम्हाला कशाला पाहिजे?” एवढेच उत्तर मिळाले.

चीनलाही आता जमिनीच्या पैशाची दुसरी बाजू दिसते आहे. पुडोंगची युक्ती देशभरच्या शहरांनी उचलली. गरज नसलेल्या जागीही मनोरे उठले, नगरपालिका जमीन देऊन चालू लागल्या, घरांचे भाव सामान्य पगारदाराच्या हाताबाहेर गेले. एव्हरग्रांड ही अवाढव्य बांधकाम कंपनी २०२१ मध्ये देणी थकवून बसली, आणि जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला. ज्यांनी घर तयार होण्याआधीच पूर्ण किंमत मोजली होती, ती कुटुंबे अर्धवट सांगाड्यांसमोर उभी आहेत. व्याजावर व्याज चढवून केलेल्या व्यवहाराचे काय होते हे आपल्याला ठाऊक असायला हवे, पण आपल्याकडचे ‘रिडेव्हलपमेंट’ही याच कर्जावर चालते, आणि भाड्याचे चेक थांबले म्हणून दहा-दहा वर्षे मुंब्र्याला अडकलेली कुटुंबे मी पाहतो.

बेहरामपाड्यात सर्वेक्षणाची माणसे येतील तेव्हा त्यांना विचारायचे प्रश्न आत्ताच लिहून ठेवायला हवेत. जमीन कुणाच्या नावावर राहणार, किती वर्षांसाठी, वाढलेल्या भावातला वाटा कुणाला, आणि हिशोबाचा कागद मराठीत आणि उर्दूत कधी मिळणार.